पहिलाच पीसी स्वतः असेंबल करावा का? माझ्या रायझन ५ ७६०० बिल्डचा रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येते. मी स्वतः असेंबल केलेला डेस्कटॉप आता रोज वापरात आहे, दिवसा माझं व्हिडिओ एडिटिंग आणि संध्याकाळी धाकट्या भावाचे गेम्स. ज्यांनी आजवर कॅबिनेटचं झाकण पण उघडलेलं नाही असे बरेच जण विचारतात की आम्हाला जमेल का गं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतेय. रिव्ह्यू पार्ट्सचा पण आहे आणि स्वतः जोडण्याचा पण, कारण पहिल्यांदा करणाऱ्यासाठी हे दोन वेगळे करताच येत नाहीत.

मत आधीच सांगते. जोडणं जमतं. ज्याला शांतपणे मॅन्युअल वाचता येतं आणि जो घाई करत नाही अशा कोणालाही जमतं, त्यात काही मोठी विद्या नाहीये. खरा प्रश्न असाय की पुढची पाच-सहा वर्षं हे मशीन बिघडलं तर नेमकं काय गेलंय हे तुम्ही स्वतः शोधणार आहात का? ब्रँडेड पीसी घेतला की एक फोन नंबर, एक कंपनी, एक वॉरंटी, बघतील ते काय ते. स्वतः जोडला की सर्व्हिस सेंटर तुम्हीच. हे ज्याला चालेल त्याने बिनधास्त जोडावा, आणि ज्याला ऐकूनच टेन्शन आलं त्याने नाही जोडला तरी काही कमीपणा नाही.

आता पार्ट्स. एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा, मायक्रो एटीएक्स मापाचा मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड म्हणते), डीडीआर५ रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा गोल्ड रेटिंगवाला एसएमपीएस (सगळ्या पार्ट्सना वीज पुरवतो तो डबा) आणि पुढून जाळी असलेलं कॅबिनेट.

७६०० जानेवारी २०२३ मधे आला, म्हणजे आता काही नवीन नाही, ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट. यापेक्षा फास्ट प्रोसेसर ढीगभर आहेत. पण नवशिक्यासाठी मी हाच का म्हणते तर याच्यात छोटंसं ग्राफिक्स आतच दिलेलं आहे. गेम खेळायला ते उपयोगाचं नाही पण स्क्रीनवर चित्र आणायला पुरतं, आणि पहिल्यांदा जोडताना चित्र येणं हीच सगळ्यात मोठी गोष्ट असते. ग्राफिक्स कार्ड बाजूला ठेवून फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमवर मशीन चालू करून बघता येतं, चाललं तर अर्धी काळजी तिथेच मिटते. ७५००एफ थोडा स्वस्त पडतो म्हणून लोक घेतात पण त्याच्यात हे ग्राफिक्स नाही, इंटेलच्या पण ज्या मॉडेलच्या शेवटी एफ असतो त्यांच्यात नसतं, आणि मग डिस्प्ले आला नाही की कार्ड खराब की बोर्ड खराब की रॅम नीट बसली नाही हे कळणं फार अवघड जातं. पहिल्या बिल्डला एफ नको, हे माझं पक्कं मत आहे. दुसरं म्हणजे बॉक्समधे कूलर येतो, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) आधीच लावलेली, म्हणजे पेस्ट किती लावू हा प्रश्नच नाही. आणि एएम५ सॉकेट, म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, २०२७ पर्यंत तरी चालू ठेवणार असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे पुढे बोर्ड तोच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येईल.

जोडताना सगळ्यात जास्त भीती लोकांना प्रोसेसर बसवायची वाटते. बरोबर आहे, पण भीती चुकीच्या क्षणाची वाटते. एएम५ मधे पिना प्रोसेसरला नाहीत, सॉकेटमधे आहेत, १७१८, केसासारख्या बारीक. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर पण असतो, दोन्ही जुळवायचे आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही, सरकवायचा नाही, तो आपोआप बसतो. धोका आहे तो इथे, हातातून तिरका पडला तर पिना वाकतात. नंतर लिव्हर खाली दाबताना मात्र चांगला जोर लागतो, करकर असा आवाज येतो आणि वरचं काळं प्लॅस्टिक झाकण टपकन उडून बाहेर येतं. भाऊ मोबाईलचा टॉर्च धरून उभा होता, तो म्हणाला ताई थांब थांब मोडलं काहीतरी. काही मोडलेलं नसतं, ते असंच असतं. ते झाकण फेकू नका, पुढे बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर सॉकेटवर ते लावूनच पाठवायचं असतं.

कूलरसाठी बोर्डवर आधीपासून असलेल्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या काढाव्या लागतात कारण हा कूलर थेट स्क्रूने बसतो. स्क्रू एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत, आधी एक, मग त्याच्या तिरक्या समोरचा, थोडं थोडं फिरवत जायचं म्हणजे दाब सगळीकडून सारखा येतो. रॅम चार स्लॉटपैकी दुसऱ्या आणि चौथ्यात, प्रोसेसरच्या बाजूने मोजून. लोक पहिल्या दोनात लावतात आणि मग स्पीड मिळत नाही म्हणून रॅमला नावं ठेवतात. आणि स्टिक दोनच घ्या, चार घेऊ नका, कारण ७००० सिरीजमधे चार स्टिक लावल्या की एएमडीचा अधिकृत स्पीड ५२०० वरून थेट ३६०० वर येतो. पुढे वाढवू म्हणून आत्ता ८-८ च्या दोन घेणं म्हणूनच मला पटत नाही.

एवढं झालं की बोर्ड लगेच कॅबिनेटमधे टाकायचा नाही. ही या रिव्ह्यूमधली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. बोर्ड ज्या खोक्यातून आला त्याच पुठ्ठ्यावर त्याला ठेवा, एसएमपीएसची २४ पिनवाली मोठी केबल लावा, प्रोसेसरची ८ पिनवाली लावा, बोर्डवरच्या एचडीएमआयला मॉनिटर जोडा, आणि पॉवर स्विचच्या ज्या दोन पिना मॅन्युअलमधे दाखवल्यात त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पंखा फिरायला लागतो. आणि मग काहीच होत नाही. स्क्रीन काळा. बोर्डवर रॅमचा लाइट लागलेला. इथे नव्वद टक्के नवशिके मशीन बंद करतात आणि सगळं परत उघडतात, आणि तेच करायचं नसतं. डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना बोर्ड त्या रॅमचा अंदाज घेत असतो, मेमरी ट्रेनिंग म्हणतात त्याला, आणि त्याला काही मिनिटं लागतात. चहा टाकून या. माझ्या बोर्डने बराच वेळ घेतला आणि मग बायोसची (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) स्क्रीन आली, त्या क्षणी जो आनंद झाला तो मला नवीन फोन घेतल्यावर सुद्धा कधी झाला नव्हता.

बोर्डवर ते चार छोटे लाइट असतात, सीपीयू, डीरॅम (म्हणजे रॅम), व्हीजीए (म्हणजे ग्राफिक्स), बूट. बोर्ड घेताना ते आहेत का हे बघूनच घ्या, आरजीबीची रंगीत रोषणाई नसली तरी चालेल पण हे हवेतच. मशीन अडकलं की ज्या ठिकाणी अडकलं तो लाइट लागून राहतो, म्हणजे शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. तसंच मी बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या म्हणेन, कारण जुन्या स्टॉकमधला बोर्ड आणि त्याच्यानंतर आलेला प्रोसेसर अशी जोडी पडली तर नवीन बायोस टाकल्याशिवाय ते मशीन चालूच होत नाही, आणि फ्लॅशबॅक असेल तर प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून टाकता येतो.

कॅबिनेटमधे बसवणं हे मात्र कंटाळवाणं काम आहे, अवघड नाही. बोर्ड आत स्क्रू करायच्या आधीच प्रोसेसरची केबल वरच्या कोपऱ्यातून ओढून ठेवा, नंतर तिथे बोट जात नाही. ती केबल ४ अधिक ४ ची असते आणि ग्राफिक्स कार्डाची ६ अधिक २ ची, दोन्ही दिसायला जवळपास सारख्या, जबरदस्ती करू नका, केबलवर लिहिलेलं असतं. पुढच्या पॅनेलच्या बारीक वायरी चिमट्याने लावल्या तर बऱ्या पडतात. पॉवर बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, एलईडीची उलटी लागली तर फक्त लाइट लागत नाही, म्हणजे काही जळेल वगैरे भीती नको. एसएसडीवर जी धातूची पट्टी बसते तिच्या खालच्या थर्मल पॅडवर पातळ प्लॅस्टिक असतं ते काढायचं असतं. आणि कार्ड लावलं की मॉनिटरची केबल बोर्डातून काढून कार्डात लावायची, हे इतक्या लोकांचं राहून जातं की हजारोंचं कार्ड आत बसलेलं असतं आणि गेम चालतो प्रोसेसरच्या पिटुकल्या ग्राफिक्सवर.

एसएमपीएसबद्दल जरा जास्त बोलते कारण नवशिके इथेच पैसे वाचवायला जातात. हिशोब बघा, ७६०० फुल लोडला साधारण ८८ वॅटपर्यंत घेतो, ४०६० चं रेटिंग ११५ वॅटचं, बाकी सगळं धरून तीनशेच्या आतच खेळ. म्हणजे ५५० पण पुरलं असतं, मी ६५० घेतला तो पुढे मोठं कार्ड लावता यावं म्हणून. ८५० नि १००० च्या मागे लागायची गरज नाही. पण वॅट कमी चालतील, क्वालिटी कमी चालणार नाही. आणि एटी प्लसचं (80 Plus) गोल्ड बघून क्वालिटी कळते असंही नाही, ते रेटिंग फक्त किती वीज वाया जाते तेवढंच सांगतं, आतले भाग कसे आहेत, संरक्षण काय काय आहे ते नाही सांगत. त्यासाठी त्या मॉडेलचे आतून उघडून केलेले रिव्ह्यू वाचा. अजून एक, आणि हे कृपया लक्षात ठेवाच, मॉड्युलर एसएमपीएसच्या केबली एका कंपनीच्या दुसऱ्याला लावायच्या नाहीत. प्लग बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम सगळ्यांचा एकच नसतो, आणि चुकीच्या पिनेत चुकीचा व्होल्टेज गेला की एसएसडी किंवा हार्ड डिस्क त्याच क्षणी मरते, डेटासकट.

आता ज्या मुद्द्यावर मी सुरुवातीला बोलले, बिघाड. मशीन छान चालत होतं आणि मग एक्सपोर्ट करताना मधेच हँग व्हायला लागलं, कधी निळा स्क्रीन, कधी सॉफ्टवेअर नुसतं बंद. ब्रँडेड असतं तर फोन केला असता. इथे मी पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकलं, ते फुकट आहे आणि विंडोज न उघडता चालतं. आधी रॅमचा एक्सपो प्रोफाइल (रॅमला तिच्या जाहीर केलेल्या जास्त स्पीडवर चालवणारं बायोसमधलं सेटिंग) बंद करून टेस्ट चालवली, म्हणजे रॅम खराब आहे का फक्त जास्त स्पीड झेपत नाहीये हे कळतं. तरीही एरर. मग एक स्टिक काढून दुसरीवर, मग दुसरी काढून पहिलीवर. एक स्वच्छ निघाली, दुसरीत लाल ओळींचा पाऊस. झालं, सापडलं. रॅम कंपनीने वॉरंटीत बदलून दिली, किट असल्यामुळे दोन्ही स्टिक मागितल्या, आणि तेवढे दिवस मी जुन्या लॅपटॉपवर ढकललं. हे सगळं मला करायला आवडलं, खरंच आवडलं, कारण मशीनमधली प्रत्येक वस्तू माझ्या हाताने बसवलेली असल्यामुळे ती काढायची भीती वाटत नव्हती. पण ज्याचं पोट त्या एकाच मशीनवर आहे आणि हाताशी दुसरं काहीच नाही, त्याला तो आठवडा फार महागात पडला असता. म्हणून म्हणते, निर्णय घेताना जोडायच्या दिवसाचा विचार करू नका, या आठवड्याचा करा.

दुसरी बाजू पण सांगते. याआधी माझ्याकडे एका मोठ्या कंपनीचा ब्रँडेड डेस्कटॉप होता. वॉरंटी संपल्यावर त्याचा एसएमपीएस गेला. साधी गोष्ट, नवीन आणू म्हटलं तर आतल्या बोर्डला नेहमीची २४ पिनची केबल नव्हतीच, कंपनीचा स्वतःचाच वेगळा कनेक्टर, एसएमपीएसचा आकार पण वेगळा, बाजारातला कुठलाच बसेना. कंपनीकडे तो पार्ट मिळत नव्हता. म्हणजे बाकी धडधाकट मशीन एका पार्टसाठी कोपऱ्यात गेलं, आणि याचा मला आजही राग आहे. एटीएक्सचं माप इंटेलने १९९५ मधे ठरवून दिलं आणि तेव्हापासून सुट्ट्या पार्ट्सच्या दुनियेत बोर्डाची भोकं, कॅबिनेटचे स्क्रू एकमेकांशी जुळत आलेत, तेच ब्रँडेडमधे गरज नसताना मोडलेलं असतं. सगळेच ब्रँड असं करत नाहीत, पण घ्यायच्या आधी झाकण उघडून बघा किंवा फोटो शोधा, बोर्ड आणि एसएमपीएस स्टँडर्ड मापाचे आहेत का.

पैशाचं काय, हा प्रश्न येतोच. स्वतः जोडलं की स्वस्त पडतं हे आता सरसकट खरं नाही. २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव जे भडकले ते मेमरी बनवणाऱ्यांनी माल एआयच्या सर्व्हरकडे वळवल्यामुळे, त्यातल्याच मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मधे क्रुशल हा आपल्यासारख्यांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी आधी घेतलेल्या स्टॉकवर बनलेला तयार पीसी सुट्ट्या पार्ट्सपेक्षा कमीत बसू शकतो. म्हणून यादी करा, पीसीपार्टपिकर या साइटवर टाकून एकमेकांशी जुळतंय का बघा, बेरीज करा, त्यात विंडोजचं लायसन्स धरा कारण ब्रँडेडमधे ते आधीच असतं आणि सुट्ट्यात सगळे ते विसरतात, आणि मग तसाच तयार पीसी कितीला मिळतोय ते बघा. ज्यांच्याकडे जुनी डीडीआर४ रॅम पडून आहे त्यांनी एएम४ चा, म्हणजे एएमडीच्या आधीच्या सॉकेटचा, विचार करायला हरकत नाही. मात्र डीडीआर४ एएम५ बोर्डात लागत नाही, पिना दोन्हींना २८८ च असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते.

मधला रस्ता पण आहे, पार्ट्स तुम्ही निवडायचे आणि दुकानदाराकडून जोडून घ्यायचे. घाबरणाऱ्यांसाठी हा मला ब्रँडेडपेक्षा चांगला वाटतो, फक्त समोर उभं राहून जोडून घ्या, एसएमपीएस आणि रॅमचं मॉडेल बिलावर लिहून घ्या, आणि सगळी रिकामी खोकी घरी आणा. आणि ज्यांना नुसतं ब्राउझिंग, ऑफिसचं काम, मुलांचा अभ्यास एवढंच करायचंय त्यांनी यातलं काहीच करू नका, छोटासा मिनी पीसी घ्या, टेबलावर जागा पण वाचते.

आता या बिल्डच्या तक्रारी. बॉक्समधला कूलर काम करतो पण लांबलचक रेंडरला पंखा इतका ओरडतो की शेजारी बसून फोनवर बोलता येत नाही. तापमान ९५ अंशांच्या आत राहतं, तीच प्रोसेसरची मर्यादा आहे, म्हणजे धोका नाही, पण कानाला त्रास आहे. मशीन चालू व्हायला माझ्या जुन्या पीसीपेक्षा जास्त वेळ घेतं, बायोसमधे मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर (आधी झालेलं मेमरी ट्रेनिंग लक्षात ठेवणारं सेटिंग) चालू केल्यावर बराच फरक पडला. विंडोज ११ टाकताना वायफायचा ड्रायव्हर नव्हता आणि ते इंटरनेट मागत बसलं, फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं तेव्हा पुढे सरकलं, तुम्ही बोर्डच्या साइटवरून ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. कार्डची मेमरी ८ जीबी आहे ती माझ्या एडिटिंगला पुरते, भावाला नवीन गेम्समधे टेक्श्चर हायवरून खाली आणावे लागतात आणि तो त्यावर खूश नाही, गेमसाठीच घेणार असाल तर १६ जीबीवालं बघा.

रेटिंग द्यायचंच तर ७६०० ला पहिल्या बिल्डसाठी पाचपैकी साडेचार, अर्धा त्या कूलरच्या आवाजासाठी कापला. बोर्डला चार. सगळं चालू झाल्यावर विंडोजमधे दोन गोष्टी तेवढ्या बघून घ्या, टास्क मॅनेजरमधे रॅमचा स्पीड, ६००० ची रॅम घेऊन ४८०० दिसत असेल तर बायोसमधे एक्सपो चालू करायचं राहिलंय, आणि डिस्प्ले सेटिंगमधे रिफ्रेश रेट, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटर पण बऱ्याचदा ६० वरच सुरू होतो. मग प्रत्येक पार्टच्या सीरियल नंबरचा आणि बिलाचा फोटो काढून एका फोल्डरमधे टाका. रॅम परत पाठवताना मला फॉर्ममधे पहिली गोष्ट तीच विचारली होती.